व्हर्साय: टेकडीवरचा राजवाडा आणि कारंज्यांच्या पाण्याचा हिशेब

६ मे १६८२ रोजी चौदाव्या लुईने फ्रान्सचा दरबार व्हर्सायला कायमचा हलवला. त्या दिवशी आरसेमहालाचे काम चालूच होते, उत्तरेकडची लांब इमारत उभी राहायची होती आणि बागेतली सगळी कारंजी एकदम चालू ठेवण्याइतके पाणी नव्हते. पहिली दोन कामे गवंड्यांनी आणि सुतारांनी काही वर्षांत उरकली. तिसरे काम राजाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १७१५ पर्यंत, उरकले नाही. पैसा, मजूर, सैन्य, विज्ञान अकादमीतले गणिती हे सगळे हाताशी असताना असे का झाले, हा या प्रकरणाचा विषय. राजवाड्याची आणि बागेची रचना त्यातूनच उलगडत जाते, कारण तिच्यातले बरेच निर्णय पाण्याने घेतलेले आहेत.

जागेची निवड

व्हर्सायची जागा राजवाड्यासाठी कोणी निवडलीच नव्हती. तेराव्या लुईने १६२३ मध्ये इथे शिकारीसाठी एक साधी कोठी बांधली आणि १६३१ ते १६३४ दरम्यान ती वाढवून घेतली. विटा, फिकट दगड आणि पाटीच्या दगडाचे छप्पर असलेला तो भाग आजही संगमरवरी चौकाभोवती उभा आहे. आजूबाजूला जंगल, दलदल आणि मध्ये हा उंचवटा. शिकारीला जागा उत्तम. कारंज्यांसाठी मात्र वाईट, कारण उंचवट्यावर पडलेले पाणी चारही बाजूंनी खाली निघून जाते आणि जवळचे सगळे ओढे-तळी राजवाड्याच्या पातळीच्या खाली राहतात.

तिव्होलीच्या व्हिला द एस्तेसारख्या इटालियन बागांना हा प्रश्न पडला नाही. तिथे नदी बागेच्या वर आहे. पाणी फक्त वळवायचे. व्हर्सायमध्ये पाणी आधी चढवायचे आणि मग उडवायचे. सीन नदी काही किलोमीटरवर आहे खरी, पण राजवाडा तिच्या पात्राहून शंभराहून अधिक मीटर उंच आहे.

मुलाने बापाची कोठी पाडायला नकार दिला आणि अडचण कायम झाली. १६६१ पासून वास्तुकार लुई ल व्हो, बाग रचणारा आंद्रे ल नोत्र आणि चित्रकार शार्ल ल ब्रँ ही तिघांची जोडणी कामाला लागली. १६६८ पासून ल व्होने जुन्या कोठीला तीन बाजूंनी दगडी इमारतीचे वेष्टन घातले. पश्चिमेला, बागेच्या बाजूला, वरच्या मजल्यावर मोकळी गच्ची ठेवली होती. त्याच्यानंतरचा वास्तुकार ज्यूल आर्दुआँ-मांसार याने १६७८ ते १६८४ मध्ये ती बंद करून तिथे आरसेमहाल बांधला: लांबी ७३ मीटर, बागेकडे १७ खिडक्या, समोर तितक्याच कमानींत ३५७ आरसे. त्या खिडक्यांतून दिसणारा सरळ अक्ष गच्चीवरून उतरत लातोना या देवीच्या (अपोलोच्या आईच्या) कारंज्याकडे, तिथून हिरवळीच्या लांब पट्ट्याने अपोलोच्या कारंज्याकडे आणि पुढे मोठ्या कालव्यावरून क्षितिजाकडे जातो. बरोक बागेचे सगळे नाट्य या एका रेषेवर आहे. आणि या रेषेचे सर्वांत उंच टोक म्हणजे राजवाडाच. म्हणून पहिले कारंजे चालवायचे, तर पाण्याचा हौद राजवाड्याच्या अंगणापेक्षाही वर हवा.

एक धार किती पाणी खाते

पुढचे आकडे समजायला एक छोटा हिशेब करून ठेवू. हौदातले पाणी तोटीच्या २० मीटर वर असेल, तर तोटीतून ते सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने सुटते. तोटीचा व्यास २० मिलिमीटर धरला, तर एका सेकंदाला साधारण ६ लिटर, म्हणजे तासाला सुमारे २२ घनमीटर पाणी गेले. धार २० मीटर उंच जात नाही ते वेगळेच. नळातले घर्षण आणि हवेचा अडथळा त्यातले काही मीटर खातात. तोटीचा व्यास दुप्पट केला की पाणी चौपट लागते. दिसायला धार थोडीशी जाड वाटते, हौद मात्र चौपट वेगाने रिकामा होतो.

आता व्हर्सायचा पहिला उपसा बघा. राजवाड्याच्या उत्तरेला क्लान्यी नावाचे तळे होते. १६६५ च्या सुमारास त्यावर घोड्यांनी फिरवायचा पंप बसवला, देनी जोली या कारागिराने. त्यातून दिवसाला सुमारे ६०० घनमीटर पाणी मिळे. ते एका जलमनोऱ्यात चढवून राजवाड्यालगत उत्तरेला बांधलेल्या थेटिसच्या गुहेच्या छपरावरील हौदात सोडत. हौद ५८० घनमीटरचा. गुहा म्हणजे शिंपल्यांनी मढवलेली एक देखणी वास्तू, आत अपोलो आणि त्याच्या घोड्यांचे पुतळे, डोक्यावर पाण्याची टाकी. शोभा आणि सोय एकाच इमारतीत बसवण्याचा इतका उघड नमुना दुसरा सापडणे कठीण.

पण ६०० घनमीटर म्हणजे आपल्या हिशेबातल्या २७ धारा, आणि त्याही एकच तास. लुईच्या काळात बागेतल्या धारांची संख्या पुढे सुमारे १४०० वर गेली.

पुरवठा वाढला, बाग त्याहून वेगाने वाढली

पुढची दहा-बारा वर्षे दोन्ही बाजूंनी शर्यत चालली. दक्षिणेकडच्या ब्येव्र नदीला बांध घालून पवनचक्क्यांनी तिचे पाणी सातोरीच्या पठारावरील हौदांत चढवले. मोठा कालवा १६६८ मध्ये खणायला घेतला होता. बागेचा तो सर्वांत खालचा बिंदू, म्हणून कारंज्यांतून वाहून आलेले पाणी तिथे जमा होई. तिथूनही पवनचक्क्यांनी ते परत वर नेऊ लागले. तत्त्व अगदी बरोबर होते: वापरलेले पाणी फेकायचे नाही. चूक यंत्रात होती. भर उन्हाळ्यात, दरबार बागेत असतो तेव्हाच, वारा पडतो.

१६७४ मध्ये क्लान्यीचा पंप मोठा केला. जास्त दट्टे, जास्त जोर; उपसा दिवसाला ३००० घनमीटरच्या जवळ गेला. पाच पट. परिणाम? तळेच कोरडे पडू लागले. पंपाची ताकद म्हणजे पाण्याचा साठा नव्हे, हे उपसा सिंचन चालवणाऱ्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. इथे ते राजाच्या खर्चाने सिद्ध झाले.

आणि याच काळात बाग काय करत होती? झाडीच्या भिंतींमागे एकेक नवे दालन उघडत होते. १६७१ ते १६७४ मध्ये जलनाट्यगृह झाले. १६७२ ते १६७७ मध्ये भूलभुलैया झाला, त्यात इसापच्या गोष्टींवरची ३९ कारंजी. १६७५ पासून एन्सेलादस या पुराणकथेतल्या राक्षसाचे कारंजे, १६७७ मध्ये तीन कारंज्यांचे दालन, १६७९ पासून उत्तरेला नेपच्यूनचा विस्तीर्ण हौद, ज्याच्या आज ९९ धारा मोजतात. पाणी वाढले की ल नोत्र आणि मांसार ते लगेच खर्चून टाकत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मागणी राजाची होती. पण पाणीपुरवठ्याची योजना आणि बागेची योजना एका माणसाच्या टेबलावर कधीच आली नाही, हे या प्रकरणातले मूळ दुखणे.

शिट्टी

कोल्बेर हा राजाचा अर्थमंत्री आणि इमारतींचा अधीक्षकही. हिशेबी माणूस. १६७२ च्या सुमारास त्याने अमलात आणलेली पद्धत या सगळ्या खटाटोपातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत यशस्वी होती. राजवाड्याच्या खिडक्यांतून दिसणारी कारंजी चालू ठेवायची, झाडीआडची बंद. राजा फिरायला निघाला की त्या त्या कारंज्यावरचा माणूस शिट्टीने पुढच्याला इशारा देई, राजा पोचण्याआधी झडप उघडली जाई आणि तो वळणाआड गेला की बंद. राजाला सगळी बाग चालू दिसे. प्रत्यक्षात एका वेळी तिचा एक तुकडाच चालू असे.

यासाठी लागणारे कसब कमी नव्हते. नळ ओतीव लोखंडाचे आणि शिशाचे. लोखंडी नळांचे तुकडे छोटे, टोकाला कडी, कड्या बोल्टने आवळलेल्या. प्रत्येक सांधा म्हणजे गळतीची एक शक्यता. लांब नळातले पाणी वेगात असताना झडप झटकन बंद केली, तर त्या वाहत्या पाण्याचा सगळा जोर धक्क्याच्या रूपाने नळावर येतो आणि सर्वांत कच्चा सांधा फुटतो. म्हणून झडप सावकाश फिरवायची. आणि सावकाश फिरवायची म्हणजे आधी सुरुवात करायची. उघडताना नळातली हवा आधी बाहेर पडते, तोटी खाकरते, मग धार स्थिर होते. हे सगळे राजा वळणावर यायच्या आत व्हायला हवे. मूळ इटलीच्या फ्रान्सिनी घराण्याकडे हे खाते होते आणि त्यांच्या हाताखालचे कारंजीवाले प्रत्येक दालनाचे स्वभाव ओळखत. आजही तिथले कारंजीवाले लांब दांड्याच्या किल्लीने झडपा हाताने फिरवतात.

१६८९ नंतर राजाने स्वतः बाग कशी दाखवावी याच्या सूचना तयार केल्या. १७०५ पर्यंत त्यांच्या सहा आवृत्त्या झाल्या. कुठून निघायचे, कुठे थांबून काय बघायचे, कुठे वळायचे, हे क्रमाने दिले आहे. सौंदर्यदृष्टीचा दस्तऐवज म्हणून त्या वाचल्या जातात. पाण्याच्या बाजूने वाचल्या, तर ते पाळीपत्रक वाटते: पाहुणा ठरलेल्या वाटेने गेला, तरच कारंजी त्याच्या पुढे-पुढे चालू करता येतात.

मार्लीचे यंत्र: तीन टप्पे का, आणि नुकसान कुठे

सीनचे पाणी चढवण्याचा निर्णय झाला तो १६८१ मध्ये. बूजिव्हालजवळ नदीवर यंत्र उभारले. कल्पना आणि वाटाघाटी आर्नोल्ड द व्हिलच्या, प्रत्यक्ष हात रेनेकँ स्युआलेम या लिएजकडच्या सुताराचे. तिकडच्या खाणींतून पाणी उपसण्याची विद्या त्याला अवगत होती. १६८४ मध्ये यंत्र सुरू झाले.

नदीत १४ चक्रे, प्रत्येकाचा व्यास ११ मीटरहून जास्त. एकूण २२१ पंप: ६४ नदीकाठी, ७९ टेकडीच्या पहिल्या टप्प्यावर, ७८ दुसऱ्यावर. पाणी सुमारे १६० मीटर चढून लूव्हसिएनच्या ३६ कमानींच्या पाटात पडे आणि तिथून उताराने पुढे जाई.

एवढे टप्पे का? १६० मीटर उंच पाण्याचा स्तंभ नळाच्या तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १६ किलो दाब देतो. त्या काळच्या सांध्यांना आणि पंपातल्या चामड्याला तो पेलणारा नव्हता. म्हणून चढाव तीन भागांत तोडला. प्रत्येक टप्प्यावर दाब तिसऱ्या हिश्शावर आला. इथपर्यंत ठीक. पण वरच्या दोन टप्प्यांवरील पंपांना ताकद कुठून द्यायची? तिथे नदी नाही. मग नदीतल्या चक्रांची हालचाल लाकडी आधारांवर झुलणाऱ्या लांब दांड्यांनी आणि साखळ्यांनी टेकडीवर ओढून नेली. प्रत्येक खिळीवर घर्षण, प्रत्येक जोडात थोडा ढिलेपणा. चक्राची बरीचशी ताकद पंपापर्यंत पोचण्याआधीच दांड्या हलवण्यात संपे. आवाज इतका की आजूबाजूच्या वस्तीला झोप नसे. देखभालीला सुमारे ६० माणसे कायम कामावर. नदीला पूर आला, पाणी आटले, बर्फ धरले, की चक्रे थांबत.

सरासरी उत्पन्न दिवसाला ३२०० घनमीटरच्या आसपास राहिले. अपेक्षेच्या जेमतेम निम्मे. या आकड्याचे शक्तीत रूपांतर करून पाहावे. ३२०० घनमीटर पाणी २४ तासांत १६० मीटर चढवणे म्हणजे सतत ५८ किलोवॅटचे उपयुक्त काम. आज रस्त्यावर धावणाऱ्या लहान मोटारीचे इंजिन एवढी शक्ती देते. सतराव्या शतकातले हे थोर यंत्र, १४ चक्रे, २२१ पंप, टेकडीभर दांड्या, आणि हाती आले एवढेच. कारागिरी कमी पडली नाही. नदीच्या संथ प्रवाहातून आणि लाकडातून निघणारी ताकदच तेवढी होती.

शिवाय त्या पाण्यातही वाटेकरी निघाला. राजाने मधल्या काळात मार्लीला दुसरा, खासगी निवांतपणाचा वाडा बांधला होता आणि त्याच्या बागेतही धबधबे हवेच होते. सीनचे बरेचसे पाणी तिकडे वळले.

पठारावरचे चर

याच्या तुलनेत कमी गाजलेली, पण टिकलेली योजना म्हणजे पावसाचे पाणी. अकादमीतला झाँ पिकार हा पाद्री-खगोलशास्त्रज्ञ पृथ्वीचा घेर मोजून आलेला माणूस. १६७४ मध्ये कालवे बांधणाऱ्या प्येर-पोल रिकेने लुआर नदीचे पाणी व्हर्सायला आणण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा पिकारने दुर्बीण बसवलेल्या लेव्हलने उंची मोजून दाखवले की ते पाणी हव्या त्या उंचीवर येणार नाही. नदी दूर आहे म्हणून ती उंच असेलच असे नाही, आणि डोळ्यांच्या अंदाजावर कालवा खणता येत नाही.

अशा मोजणीत एक चूक हमखास होते. एक किलोमीटर अंतरावरची खूण सरळ रेषेत पाहिली, तर पृथ्वीच्या गोलाईमुळे सुमारे ८ सेंटिमीटरचा फरक पडतो. दहा-वीस किलोमीटरच्या चराला जो अगदी मंद उतार द्यायचा असतो, तो अशा चुका साठत गेल्या की पुसला जातो. उपाय सोपा: लेव्हल दोन खुणांच्या बरोबर मध्ये लावायची, म्हणजे दोन्हीकडची चूक एकमेकींना खोडून काढते. मध्ये लावता येत नसेल, तर गोलाईची दुरुस्ती हिशेबात धरायची.

या मोजणीवर त्राप आणि आसपासच्या पठारांवर तळी बांधली, जंगलातून-शेतांतून पाणी गोळा करणारे चर खणले. दक्षिणेच्या साक्ले पठाराचे पाणी ब्येव्रच्या खोऱ्यावरून आणण्यासाठी ब्युक इथे १९ कमानींचा पूल १६८४ ते १६८६ मध्ये बांधला. पंप नाही, चक्र नाही, सगळे उताराने. उणीव दोन: पावसावर भिस्त, आणि चर गाळाने भरतात. दरवर्षी चर साफ करणारी माणसे लागतात. हे काम दरबारी नजरेत भरणारे नव्हते, तरी कारंज्यांचे खरे पोट याच पाण्यावर भरत होते.

अर नदीचा कालवा

१६८३ मध्ये कोल्बेर वारला. इमारतींचा कारभार युद्धमंत्री लूव्हुआकडे गेला आणि पाण्याच्या प्रश्नाला लष्करी उत्तर आले. पोंगुएँजवळून अर नदी वळवून सुमारे ८० किलोमीटरचा कालवा आणायचा. उंची पुरेशी असल्याचे अकादमीतला गणिती फिलिप द ला इर याने मोजून सांगितले होते. आराखडा लष्करी अभियंता व्होबाँचा, मजूर म्हणून हजारो सैनिक. काम १६८५ मध्ये सुरू झाले.

अडसर मँतनोंच्या खोऱ्याचा. खोरे ओलांडायला आधी तीन मजली, सत्तर मीटरहून उंच पुलाचा विचार होता. तो आवाक्याबाहेरचा ठरला, तेव्हा एकच मजला बांधून बाकीची उंची लोखंडी बंद नळांनी, खाली उतरून पुन्हा वर चढणाऱ्या वळणाने, साधायचे ठरले. छावण्यांत हिवताप पसरला आणि माणसे मेली. १६८८ मध्ये युद्ध पेटले, सैनिक आघाडीवर गेले, काम थांबले. त्या कालव्यातून व्हर्सायला पाण्याचा थेंबही आला नाही. मँतनोंच्या वाड्यामागे खालच्या मजल्याच्या कमानी अजून उभ्या आहेत.

स्थिर पाणी

वाढत्या टंचाईत रचना कशी बदलली, हे बागेच्या अक्षावर दिसते. १६८४ मध्ये उत्तरेकडच्या इमारतीसाठी थेटिसची गुहा, तिच्या हौदासकट, पाडली. राजवाड्यासमोरच्या गच्चीवरचा जलपट्टा अनेकदा बदलून १६८५ मध्ये आजच्या रूपात आला: दोन मोठे आयताकृती हौद, काठावर फ्रान्सच्या नद्यांच्या ब्राँझ मूर्ती. त्यात धारा आहेत, पण मुख्य काम आरशाचे. पश्चिमेकडची दर्शनी बाजू आणि आकाश त्यात उतरते, आणि त्याला दाब लागत नाही. आरसेमहालातल्या काचेने आत जे साधले तेच इथे बाहेर पाण्याने साधले, आणि आमच्या मते व्हर्सायमधली पाण्याची सर्वांत चांगली रचना हीच, उंच धारांपेक्षाही.

मोठ्या कालव्याचेही तसेच: लांबी सुमारे १६७० मीटर, रुंदी ६२, आडवा फाटा धरून क्षेत्र २३ हेक्टर. त्यालाही पाणी लागतेच. उन्हाळ्यात दिवसाला ४ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर ९०० घनमीटरहून अधिक उडून जाते, म्हणजे जोलीच्या पंपाच्या सगळ्या उपशापेक्षा जास्त. पण ही जागा बागेत सर्वांत खाली असल्याने हे पाणी चढवावे लागत नाही, आपोआप उतरून येते. दक्षिणेला स्विस रक्षकांनी खणलेले तळे याच जातीचे. त्याने दलदलीचा निचराही केला.

१६८७ ते १६८९ मध्ये मांसारने लातोनाचे कारंजे बदलले. मार्सी बंधूंची मूर्ती पूर्वी राजवाड्याकडे तोंड करून होती. ती कालव्याकडे वळवून संगमरवरी पायऱ्यांच्या चढत्या चौथऱ्यावर ठेवली. कथेत लातोनाला त्रास दिल्यामुळे बेडूक होत चाललेले शेतकरी थरांथरांवर बसवले आणि त्यांच्या तोंडातून धारा सुटतात. पाणी थरांवरून घरंगळत असल्याने कमी पाणीही भरगच्च दिसते. याची मोठी दुरुस्ती २०१५ मध्ये पुरी झाली.

आजची स्थिती

क्लान्यीचे तळे अठराव्या शतकात बुजवले. मार्लीचे यंत्र १८१७ पर्यंत कसेबसे चालले. भूलभुलैया सोळाव्या लुईच्या काळात, १७७५ च्या सुमारास काढून टाकला. ब्युकच्या आणि लूव्हसिएनच्या कमानी उभ्या आहेत, पाण्याविना.

बागेत आज पन्नासाहून अधिक कारंजी आणि सुमारे ६०० धारा चालू स्थितीत आहेत. नळांची लांबी ३५ किलोमीटर, त्यातले बरेच मूळचे ओतीव लोखंडाचे. पाणी खालून पंपाने वरच्या हौदांत नेतात आणि पुन्हा वापरतात. १६७० च्या दशकात पवनचक्क्यांना जे जमले नाही ते विजेने जमते. तरीही सगळी कारंजी दिवसभर सोडत नाहीत. एप्रिल ते ऑक्टोबरच्या हंगामात, मुख्यतः शनिवार-रविवारी, ठरलेल्या तासांना ती चालू होतात, आणि नेपच्यूनच्या धारा खेळाच्या शेवटी सोडतात. जाणार असाल तर वेळापत्रक बघून जा आणि वरून खाली चालत या: आधी गच्ची, मग लातोना, मग बाजूची दालने. उलट दिशेने गेलात तर काही धारा तुम्ही पोचण्याआधीच बंद झालेल्या असतील.